टी पेशींविषयीही लिहावे

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

लशी आणि साथींविषयी आपल्या आरोग्य पुरवणीत येणारे लेखन मी आवर्जून वाचते. मात्र त्यात प्रतिकारशक्ती म्हणजे अँटिबॉडी एवढेच समीकरण मांडले जाते, याची खंत वाटते. कोविडच्या काळात अँटिबॉडीचा आकडा कमी आला म्हणून पुण्यात माझ्या परिचयाची अनेक माणसे हवालदिल झाली होती, त्यामागे ही अपुरी माहितीही होती.

अँटिबॉडी मोकळ्या विषाणूला थेट चिकटते. विषाणू पेशीत शिरल्यावर मात्र त्याचा माग टी पेशींना, म्हणजे एका प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींना, काढावा लागतो, आणि त्यासाठी विषाणूच्या प्रथिनाचा तुकडा एचएलए नावाच्या रेणूच्या खोबणीत बसून पेशीच्या पृष्ठभागावर यावा लागतो. पहिल्या वर्गाचे एचएलए रेणू केंद्रक असलेल्या जवळजवळ प्रत्येक पेशीवर असतात. पेशीच्या आत तयार झालेल्या प्रथिनांचे साधारण ८ ते १० अमिनो आम्लांचे तुकडे ते सीडी८ या प्रकारच्या टी पेशींपुढे ठेवतात, आणि तुकडा विषाणूचा निघाला तर ती बाधित पेशी मारली जाते. दुसऱ्या वर्गाचे रेणू मुख्यतः डेंड्रायटिक पेशी, मॅक्रोफेज आणि अँटिबॉडी बनवणाऱ्या बी पेशी या प्रतिकारयंत्रणेतील पेशींवर आढळतात. बाहेरून आत घेतलेल्या प्रथिनांचे अधिक लांब तुकडे ते सीडी४ या दुसऱ्या प्रकारच्या टी पेशींना दाखवतात. बी पेशींना प्रभावी अँटिबॉडी बनवण्यासाठी बहुतेक वेळा याच सीडी४ पेशींची मदत लागते, हे तर आवर्जून सांगायला हवे.

तुकडा आणि तो धरणारा रेणू या दोहोंची ओळख एकत्रच पटावी लागते, हे रोल्फ झिंकरनागेल आणि पीटर डोहर्टी या शास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा येथे उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले. बाधित पेशींवरील असे रेणू टी पेशींच्या ओळखीचे असतील तरच त्या बाधित पेशी मारल्या जात. या शोधासाठी त्या दोघांना १९९६चे नोबेल मिळाले. डोहर्टी मूळचे पशुवैद्य होते, हे आपल्याकडच्या पशुवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना कळले तर किती बरे होईल!

हे रेणू माणसागणिक वेगळे असतात. सख्ख्या भावंडाशीही ते पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक एवढीच असते, आणि रक्ताच्या कर्करोगाच्या ज्या रुग्णाला रक्त तयार करणाऱ्या मूळपेशींच्या प्रत्यारोपणासाठी घरात जुळणारा दाता मिळत नाही त्याला जुळणारा परका दाता बहुधा त्याच्याच वंशसमूहातून मिळतो. म्हणून मूळपेशी दात्यांच्या नोंदणीत मराठी तरुणांची नावे वाढणे अत्यंत गरजेचे आहे.

राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था आणि राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र या दोन्ही संस्था पुण्यातच आहेत. तेथील संशोधकांकडून या विषयावर मराठीत लेखमाला लिहून घ्यावी आणि तिच्यात दातानोंदणीची रीतसर माहितीही द्यावी, अशी कळकळीची विनंती आहे.

आपली,
जीवशास्त्राची निवृत्त शिक्षिका,
कोथरूड, पुणे