शब्दांची यादी नको, उतारा छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या शिक्षण पुरवणीत दर आठवड्याला प्रवेश परीक्षेसाठी वीस इंग्रजी शब्द आणि त्यांचे अर्थ छापून येतात. यावल तालुक्यातल्या एका गावात मी सार्वजनिक वाचनालय सांभाळते. पुरवणी आली की बारावीची मुलं आधी ते सदर वहीत उतरवून घेतात, मग बाकीचा पेपर उघडतात. त्यांची ती धडपड रोज डोळ्यांसमोर आहे, म्हणून हे पत्र.

माझ्या बहिणीची मुलगी यंदा सीयूईटी ही प्रवेश परीक्षा देणार आहे. तालुक्याच्या गावातल्या एका क्लासने तिला तीन हजार शब्दांची स्पायरल बाइंडिंग केलेली यादी दिली. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे त्याचा एक अर्थ. दिवाळीपासून ती रोज चाळीस शब्द पाठ करत होती. जानेवारीत मी मधलंच पान उघडून विचारलं, तर निम्म्याहून जास्त शब्द पुसले गेलेले. "मावशी, मला इंग्रजीचं डोकंच नाही," असं म्हणून पोरगी रडायला लागली. डोकं उत्तम आहे तिचं. चूक त्या यादीची आहे.

केंद्रीय विद्यापीठांच्या प्रवेशासाठी सीयूईटी २०२२ साली सुरू झाली. तिच्या भाषेच्या पेपरात २०२५ पासून ६० मिनिटांत ५० प्रश्न सोडवायचे असतात. बरोबर उत्तराला ५ गुण, चुकलं तर १ गुण वजा. समानार्थी-विरुद्धार्थी शब्द त्यात विचारतात, हे खरं. पण पेपरात उताऱ्यांवरचे प्रश्नही असतात आणि तिथे शब्दाचा त्या वाक्यातला अर्थ लागतो. अमेरिकेतल्या कॉलेज प्रवेशाच्या सॅट परीक्षेची तयारी करणारा एक मुलगा मध्यंतरी वाचनालयात बसायचा. त्याच्याकडून कळलं की तिथेही शब्दजोड्यांचे, म्हणजे दोन शब्दांतलं नातं ओळखायचे प्रश्न २००५ मध्येच गेले. आता २५ ते १५० शब्दांचा उतारा आणि त्यावर एकच प्रश्न असतो.

हा 'उतारा' शब्दच घ्या. तलाठ्याकडून आणतो तो सातबाऱ्याचा उतारा. लेकराला दृष्ट लागली की आजी टाकते तो उतारा. विषावरचा उतारा वेगळा आणि मराठीच्या पेपरातला वेगळा. आमच्या गावातल्या कुठल्याही मुलाचा यात गोंधळ होत नाही, कारण आजूबाजूची वाक्यं त्याला अर्थ सांगतात. हीच हुशारी इंग्रजीत वापरायची असते, हे त्याला कुणी सांगतच नाही.

म्हणून मी भाचीसाठी केळीवर इंग्रजीत आठ ओळी लिहिल्या. जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तिथून सुरुवात केली. त्यात 'हँड' आणि 'फिंगर' हे शब्द आले. यादीप्रमाणे हात आणि बोट. ती अडखळली, पुन्हा वाचू लागली आणि एकदम म्हणाली, "हँड म्हणजे फणी! आणि फिंगर म्हणजे एकेक केळं!" बापाच्या बागेत घड उतरवताना जन्मभर पाहिलेली गोष्ट तिला इंग्रजीत सापडली. पुढच्याच ओळीत 'यील्ड' होता, तिथे उत्पन्न. दुसऱ्या दिवशीच्या उताऱ्यात तोच शब्द नमतं घेणं या अर्थाने आला, तो तिने न विचारता ओळखला.

शब्दांची कुळं कळली तर ओझं आणखी हलकं होतं. 'मॅलन्यूट्रिशन' म्हणजे कुपोषण. मराठीत 'कु' जे काम करतो ते तिथे 'मॅल' करतो. मलेरियातला 'मल'ही त्याच घरचा, मुळात अर्थ वाईट हवा. एवढं कळलं की 'मॅलिस' म्हणजे आकस, 'मॅलप्रॅक्टिस' म्हणजे व्यवसायातला गैरप्रकार, हे शब्द अनोळखी राहत नाहीत.

उजळणीचं म्हणाल तर वाचनालयात जुनी तालिकापत्रं, म्हणजे पुस्तकांच्या नोंदीची कार्डं पडून होती, मागची बाजू कोरी. पुढे शब्द असलेलं पूर्ण वाक्य, मागे मराठी अर्थ आणि स्वतः रचलेलं एक वाक्य. मिठाईच्या खोक्याला तीन कप्पे केले: रोजचा, चार दिवसांचा, पंधरा दिवसांचा. अर्थ आला की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकला की पुन्हा पहिल्यात. दिवसाला आठ शब्द, त्याहून जास्त नाही. पाठ केलेलं पहिल्या एक-दोन दिवसांतच भराभर गळतं आणि अंतर ठेवून केलेली उजळणी टिकते, हे जर्मनीचे मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी स्वतःवर प्रयोग करून १८८५ मध्येच मांडलं आहे. तरी आपल्या मुलांना अजून चाळीस-चाळीस शब्द घोकायला लावतात, याचं मला फार वाईट वाटतं. ही मुलं घरी लेवा गणबोली बोलतात, शाळेत पुस्तकी मराठी शिकतात आणि इंग्रजी त्यानंतर. त्यांचा वेळ असा वाया घालवू नये.

माझी विनंती एवढीच आहे. ते वीस शब्द बंद करून त्याच जागेत शंभर-सव्वाशे शब्दांचा एक इंग्रजी उतारा छापावा. कापसावर, तापीवर, सातपुड्यातल्या रस्त्यांवर, कशावरही. खाली चारच शब्द आणि त्यांचे त्या उताऱ्यातले मराठी अर्थ. अर्थ पान उलटं धरून वाचावे लागतील असे छापलेत तर फारच चांगलं, म्हणजे मुलं आधी अंदाज करतील.

वाचनालयाच्या फळ्याची डावी बाजू मी त्यासाठी मोकळी करून ठेवली आहे.

आपली विश्वासू,
एका गावच्या वाचनालयाची ग्रंथपाल
ता. यावल, जि. जळगाव