नाट्यगृहाचा आराखडा आवाजापासून सुरू व्हावा

माननीय कला आणि संस्कृती मंत्री,
गोवा राज्य, यांस,

सादर नमस्कार.

गेल्या पावसाळ्यात एका तालुक्याच्या सभागृहात मी गाण्याच्या मैफलीला बसलो होतो. विलंबित ख्याल रंगू लागला आणि बाहेर मोठी सर आली. पत्र्याच्या छपरावर तिचा असा मारा सुरू झाला, की तानपुरे वाजत आहेत हे केवळ वाजवणाऱ्यांच्या बोटांवरून कळत होते. सर ओसरली, तरी वातानुकूलन यंत्राच्या घरघरीखाली तानपुऱ्यांची जवारी, म्हणजे तारांचा झणकार, दबलेलीच राहिली. डग्ग्याचा घुमारा मागच्या सपाट भिंतीवर आपटून परतायचा आणि पुढच्या मात्रेत मिसळायचा. माइकचा आवाज वाढवला, तेव्हा गोंधळच वाढला. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्यासारख्या गायिका ज्या मातीत जन्मल्या, तिथे ही स्थिती पाहून मन विषण्ण झाले.

दोष गायिकेचा नव्हता, ध्वनियंत्रणेचाही नव्हता. तो वास्तूचा होता. निनाद, म्हणजे मूळ आवाज थांबल्यावरही उरणारी घुमणूक, किती वेळ रेंगाळेल हे सभागृहाचे घनफळ आणि आतील पृष्ठभाग आवाज किती शोषतात यांवर ठरते, हे अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिन यांनी प्रयोगांनी दाखवून दिले आणि त्या हिशेबाने बांधलेला बोस्टनचा सिम्फनी हॉल १९०० साली खुला झाला. न्यूयॉर्कचा फिलहार्मोनिक हॉल मात्र १९६२ साली उघडला आणि आवाजाच्या तक्रारींपायी १९७६ साली आतून तोडून नव्याने बांधावा लागला.

आपल्याकडे तर प्रश्न अधिक नाजूक आहे. पाश्चात्य वाद्यवृंदाला सुमारे दोन सेकंदांचा निनाद मानवतो, संवादाला त्याच्या निम्माच. आणि आपल्या एकाच रंगमंचावर संगीत नाटक, तियात्र हे कोकणी नाट्य, ख्याल आणि कॉयरचे समूहगान असे सारेच होते. म्हणून भिंतींवर हवे तेव्हा ओढता येतील असे जाड पडदे हवेत, छप्पर दुहेरी हवे, आणि यंत्रे प्रेक्षागृहापासून दूर हवीत.

यापुढे राज्यात जे नाट्यगृह बांधले वा दुरुस्त केले जाईल, त्यासाठी ध्वनितज्ज्ञाची नेमणूक वास्तुविशारदाबरोबरच, निविदा निघण्याआधी व्हावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. आणि कंत्राटदाराचे शेवटचे बिल मंजूर करण्यापूर्वी निनादाचे मोजमाप तर व्हावेच, शिवाय आपण स्वतः भर पावसात, माइक बंद ठेवून, शेवटच्या रांगेत बसून रंगमंचावरचा एक साधा संवाद ऐकून पाहावा.

आपला नम्र,
एक श्रोता, फोंडा