पावसाळ्यात रायफलची नळी
सर्व सभासदांना नमस्कार. मुंबईच्या दमट, खाऱ्या हवेत नळीला गंज धरायला वेळ लागत नाही. म्हणून सरावानंतर त्याच दिवशी, रायफल रिकामी असल्याची खात्री करून, सफाई करा.

पॉइंट टू-टूच्या (.22 कॅलिबर) साध्या शिशाच्या गोळीला तांबे काढणारे अमोनियायुक्त सॉल्व्हंट (मळ विरघळवणारे द्रव) लागतच नाही. शिसे आणि बंदुकीच्या दारूची काजळी काढणारे पुरे. मग नळीतून कोरडा पॅच (कापडाचा छोटा तुकडा), आणि गन ऑइलचा अगदी पातळ थर. खोबरेल कृपया नको, ते थिजून चिकटते. पुढच्या सरावाआधी नळीतले तेल पुसायलाच हवे.

स्प्रिंगच्या एअर रायफलमध्ये मात्र सॉल्व्हंट किंवा हे तेल घालू नका: दाबलेल्या हवेने तेल पेटते, सील खराब होतात. तिथे फेल्टचे (दाबलेल्या लोकरीचे) सफाईचे पेलेटच वापरा.