गाढवाच्या कातड्याला नुसते ‘जिलेटिन’ का म्हणता?

महोदय,

गेल्या रविवारच्या पुरवणीत ‘हुआंगलियान अजियाओ तांग’ या चिनी काढ्यावरचा लेख वाचला. जिवाची तगमग होते, रात्री डोळ्याला डोळा लागत नाही, अशांना तो देतात. सुमारे १,८०० वर्षांपूर्वी झांग झोंगजिंग या वैद्याने तो लिहून ठेवला. त्यातली हुआंगलियान ही कडू मुळी म्हणजे आपल्या अरुणाचलातल्या मिश्मी तीताची सख्खी बहीण. हे सारे ठीक. पण पाच द्रव्यांतल्या अजियाओला लेखात नुसते ‘जिलेटिन’ म्हटले आहे. ते गाढवाचे कातडे उकळून, आटवून करतात. वनस्पतींचा काढा गाळून त्यात ते विरघळवायचे आणि जरा निवल्यावर अंड्याचे दोन बलक घालायचे, अशी मूळ कृती आहे.

माझी पत्नी चातुर्मासात कांदा-लसूणही खात नाही. झोप येत नाही म्हणून सुनेने तिच्यासाठी याच काढ्याची पुडी ऑनलाइन मागवली. पाकिटावर बारीक इंग्रजीत फक्त ‘जिलेटिन’ होते. आठ दिवसांनी ते माझ्या नजरेस पडले. मी सांगितल्यावर ती दोन दिवस जेवली नाही.

मी पशुधन पर्यवेक्षक होतो. कामठी-कन्हानकडच्या वीटभट्ट्यांवर गाढवांच्या सोललेल्या पाठी धुण्यात माझी कितीतरी वर्षे गेली. इतके सोसणारे जनावर मी दुसरे पाहिले नाही. २०१२च्या पशुगणनेत देशात सुमारे ३.२ लाख गाढवे होती, २०१९ला १.२ लाख उरली. ट्रॅक्टर-टेम्पो आले हे त्याचे मोठे कारण, सगळा दोष कातड्याच्या धंद्यावर मी टाकत नाही. पण आफ्रिकेत या कातड्यासाठी गरिबांच्या दारची गाढवे रातोरात चोरीला जाऊ लागली. शेवटी फेब्रुवारी २०२४मध्ये आफ्रिकी संघाने कातड्यासाठी गाढवे मारण्यावर १५ वर्षांची बंदी घातली.

आणखी एक. हा काढा ‘उष्णते’वर असल्याचे लेखात म्हटले आहे. ती उष्णता शरीराच्या आतली आहे, आपल्या मे महिन्यातल्या उन्हाची नव्हे. ऊन लागून माणूस बरळू लागला, तर काढा उकळत बसू नका. अंग ओले करा आणि तडक दवाखाना गाठा.

येत्या रविवारी पाचही द्रव्ये मराठीत, कशापासून होतात त्यासह छापावीत, ही विनंती.

– एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक, मानेवाडा, नागपूर