घरी घ्यायची औषधे

लंडन, १८ जानेवारी

तीर्थरूप बाबांस,
साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

लंडनमध्ये क्षयाचे रुग्ण असतात तरी का, असे परवा फोनवर तुम्ही हसत विचारलेत. असतात, बहुतेकजण भारतीय उपखंडातून किंवा आफ्रिकेतून आलेले, वर्षानुवर्षे शरीरात निपचित पडलेला जंतू सोबत घेऊन आलेले. औषधे ठरलेली आहेत: पहिले दोन महिने चार, पुढचे चार महिने दोन. अवघड असते ते सहा महिने टिकून राहणे.

उपाहारगृहात काम करणारा एक तरुण तिसऱ्या महिन्यात यायचाच थांबला. 'रुग्ण सहकार्य करत नाही' असा शेरा मी लिहिणार होते, पण आमच्या परिचारिकेने मला थांबवले आणि ती त्याच्या खोलीवर जाऊन आली. रिफॅम्पिसिन या क्षयावरच्या औषधामुळे लघवी नारिंगी होते हे मी त्याला बजावून सांगितले होते. तो चौघांबरोबर एका खोलीत राहतो आणि गोळ्या त्यांच्यापासून लपवतो, हे मात्र मी विचारलेच नव्हते. औषध नीट लागू पडले की साधारण पंधरवड्याने संसर्गाची भीती सहसा उरत नाही, हे त्याच्या संमतीने सोबत्यांना समजावल्यावर तो परत आला. आता गोळी घेतानाचा व्हिडिओ तो रोज परिचारिकेला पाठवतो.

आजोबा मिरजेजवळच्या वानलेसवाडीच्या सॅनिटोरियममध्ये, म्हणजे क्षयरोग्यांच्या रुग्णालयात, असताना आजी डबा घेऊन जात असे, हे तुम्ही नेहमी सांगता. त्याच दशकात, १९५६ साली, मद्रासमध्ये वॉलेस फॉक्स हे ब्रिटिश डॉक्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही रुग्णांना सॅनिटोरियममध्ये आणि काहींना घरीच ठेवून तीच औषधे दिली. घरी ठेवलेल्या रुग्णांना ना पुरेसे अन्न होते ना विश्रांती, तरी वर्षाअखेरीस दोन्हीकडचे रुग्ण जवळपास सारखेच बरे झाले आणि घरातल्या माणसांनाही त्यामुळे अधिक लागण झाली नाही. १९५९ साली हे प्रसिद्ध झाल्यावर सॅनिटोरियमची सक्ती करण्याला आधारच उरला नाही. कुणाच्या तरी देखत गोळी घेण्याची पद्धतही तिथेच रुजली. म्हणजे माझी परिचारिका मोबाइलवर जे पाहते, त्याचे मूळ मद्रासच्या गल्ल्यांत आहे. इथल्या शिकाऊ डॉक्टरांना हे सांगताना मला थोडा गर्व होतो, तो क्षम्य मानावा.

आता मुख्य काम. काकांचा खोकला दोन आठवड्यांवर गेल्याचे आई म्हणाली. मेडिकलमधून आणलेले लिव्होफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक त्यांनी स्वतःच्या मनाने पुन्हा सुरू करू नये. ते क्षयाच्या जंतूवरही काही प्रमाणात चालते, त्यामुळे तात्पुरते बरे वाटते आणि निदान मात्र लांबते. सरकारी रुग्णालयात बेडक्याची सीबीनॅट, म्हणजे क्षयाचा जंतू शोधणारी, तपासणी मोफत होते. सकाळी खोकून काढलेला बेडका द्यावा, नुसती थुंकी नव्हे. बहुधा काही निघणार नाही, पण ते टाळाटाळ करतील, म्हणून तुम्हीच सोबत जावे आणि काय झाले ते त्याच दिवशी कळवावे.

तुमची,
मीनल