सेवाशुल्क ऐच्छिकच हवे

घरी केक, पाव भाजणाऱ्या माणसाला लोणी, अंडी, मैदा यांचे दर ठाऊक असतात आणि त्यामागची मेहनतही. म्हणूनच चांगल्या रेस्टॉरंटमध्ये एका पेस्ट्रीला चारशे रुपये मोजताना मला वाईट वाटत नाही. खटकते ते बिलाच्या तळाशी न विचारता लावलेले दहा टक्के सेवाशुल्क. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ रोजीच असे शुल्क बिलात परस्पर लावण्यास मनाई केली. २८ मार्च २०२५ रोजी दिल्ली उच्च न्यायालयानेही त्या मार्गदर्शक सूचना योग्य ठरवल्या. तरीही काही ठिकाणी ते आकारले जाते, आणि त्यावर पुन्हा जीएसटी! त्यातले वाढप्याच्या हाती किती पडते, हे बिलावर कुठेच नसते. त्याला हातात टीप द्यायला लोक आनंदाने तयार असतात. खर्च वाढला असेल तर मालकांनी मेनूकार्डावरचे दर सरळ वाढवावेत. शुल्क काढण्यास नकार मिळाला, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. हा क्रमांक प्रत्येक रेस्टॉरंटच्या दर्शनी भागात लावणे राज्य सरकारने सक्तीचे करावे.

– एक वाचक, ठाणे