पॅकेज आलं, पण पंप काढायचा कुठून?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कॅम्पसच्या हीटिंग-कूलिंग प्लांटसाठी तयार पंपिंग पॅकेज कसं वरदान आहे हा तुमचा लेख काल वाचला, आणि रात्री ड्युटीवर परत वाचला, कारण पहिल्यांदा वाटलं मलाच नीट कळला नाही. फॅक्टरीत जोडलेलं, टेस्ट केलेलं, एका फ्रेमवर तीन पंप, पॅनल, हेडर (सगळे पंप ज्याला जोडलेले असतात तो मोठा पाइप) सगळं तयार, आणा आणि जोडा. खोटं कशाला बोलू, बसवायला खरंच सोपं जातं, जागा कमी लागते, वायरिंगची कटकट नाही. पण लेखकाने एकदा तरी असल्या पॅकेजवर सील बदलताना उभं राहून बघितलंय का?

आमच्याकडे दोन नंबरच्या पंपाचं मेकॅनिकल सील, म्हणजे फिरत्या शाफ्टपाशी पाणी अडवणारा भाग, गळायला लागलं. आधी थेंब थेंब, मग बेसप्लेटवर डबकं. आता या पंपाला स्पेसर कपलिंग दिलंय, म्हणजे मधला तुकडा काढला की मोटर न हलवता आणि पाइपला हात न लावता पंपाचा मागचा भाग ओढून बाहेर घेता येतो, सोय तर झकास आहे. पण बाहेर घ्यायचा कुठे? वर हेडर, त्यामुळे चेन ब्लॉक (जड वस्तू उचलायची साखळी-कप्पी) टांगायला जागा नाही, एका बाजूला फ्रेमचा अँगल, दुसऱ्या बाजूला पॅनल, तेही इतकं जवळ की दार अर्धंच उघडतं. आमचा फिटर कुशीवर झोपून पाना फिरवत होता आणि काय काय बोलत होता ते इथे छापता येणार नाही.

शेवटी ठरलं की केसिंगसकट अख्खा पंपच पुढून काढायचा, तर व्हॉल्व्ह निघाले वेफर टाइप बटरफ्लाय! हे दोन फ्लँजच्या मध्ये नुसते दाबून बसवलेले असतात, त्यामुळे पंपाकडचे बोल्ट सोडले की व्हॉल्व्हच सुटणार. लग टाइप असते, म्हणजे दोन्ही बाजूंच्या फ्लँजचे बोल्ट वेगवेगळे घेणारे, तर बंद करून पंप आरामात काढला असता, पण तेवढी काटकसर कोणीतरी केलीच. मग काय, हेडर रिकामा करावा लागला, म्हणजे एक आणि तीन नंबरही बंद, सगळ्या इमारतींचं कूलिंग बंद. स्टँडबाय पंप शोभेला. दोन तासांचं काम दोन रात्री चाललं आणि सकाळी फोन कोणाला आले? आम्हाला. पॅकेजवाल्यांना नाही.

आणि लेखात "वेग निम्मा केला की वीज निम्मी" असं छापलंय ते कोणी तपासलं? पंपाची पॉवर वेगाच्या घनाने बदलते हो, ८० टक्के वेगाला जेमतेम ५१ टक्के लागते आणि निम्म्या वेगाला हिशोबाने आठवा भाग. पण हा फायदा पदरात पडायला प्रेशरचा सेन्सर टोकाच्या इमारतीत पाहिजे. आमच्या पॅकेजमध्ये तो फ्रेमवरच, हेडरला लावून दिलाय, साइटवर वायर ओढायला नको म्हणून. त्यामुळे लोड कमी झाला तरी पंपापाशी प्रेशर तेवढंच धरायचं आणि व्हीएफडीने (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) पंपाचा वेग फारसा उतरतच नाही. सेटिंग बदलावं म्हटलं तर कंट्रोलरला पासवर्ड, आणि पासवर्ड त्यांच्या इंजिनिअरच्या खिशात.

ऑर्डर देण्याआधी निदान ड्रॉइंगवर पंप बाहेर कुठून निघणार तो बाण काढून मागा, एवढं जरी लेखात असतं तरी चाललं असतं. तुम्ही दिलेला फोटोही मी भिंग लावून बघितला, त्यातही तिसऱ्या पंपाला खेटून पॅनलच आहे.

ता.क. माझ्या मागच्या पत्रात मी लिहिलं होतं, "लूप फ्लश केल्याशिवाय पंप चालू करू नका", म्हणजे आधी पाइपमधली घाण धुऊन काढा. तुम्ही छापलंत "लूप फ्लश केल्यावर पंप चालू करू नका." तेव्हापासून शिफ्टमधली पोरं मला रोज विचारतात, काका, फ्लश झालाय, आता बंद ठेवू का?

आपला,
पंपरूममधला एक वाचक